म्युस्कादे कुणी प्यायलंय का? सोबत काय खाल्लंत?

कवठीचाफा
मंडळी, वाइनवर इथे धागे पुष्कळ निघालेत, पण सगळे फिरून फिरून लाल वाइनवर येतात. म्हणून आज पांढरीची बाजू घेते.

मी नांतला राहते. लुआर नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे हे शहर. दक्षिणेकडून बाहेर पडलं की सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या आजूबाजूला नुसते द्राक्षमळे. तिथली वाइन म्हणजे म्युस्कादे. सहा-सात युरोत बरी बाटली येते. कदाचित म्हणूनच पॅरिसचे लोक तिच्याकडे बघून नाक मुरडतात.

रंग जवळजवळ नाहीच, कडेला जरा हिरवट झाक. ओतली की पेल्याच्या आतून बारीक बुडबुडे चिकटतात, जिभेवरही हलकी चुणचुण जाणवते. वास कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा, मागून थोडा पावाचा. चव एकदम कोरडी, गोडीचा मागमूस नाही. घोट गेल्यावर तोंडात किंचित खारट-कडसर काहीतरी मागे राहतं आणि लगेच काहीतरी खावंसं वाटतं. मला ती आवडते ती या शेवटच्या गोष्टीसाठी.

तर प्रश्न असा. पुढच्या शनिवारी घरी जेवण आहे. ऑफिसातली दोन फ्रेंच जोडपी आणि आपले दोन मराठी मित्र, त्यातली एक पक्की शाकाहारी. वाइन म्युस्कादेच, स्वयंपाक आपला. इथल्या लोकांना विचारलं तर कालवं, शिंपले, मासे यापलीकडे गाडी जात नाही. माझं मत आहे की आपलं किनारपट्टीचं जेवण हिच्याबरोबर जमायला हवं, पण मसाल्याची धास्ती वाटते. अनुभवाचे बोल हवेत.

बिनसाखरेचा_चहा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हिच्याबरोबर पॉपकॉर्न चालतं का तेही सांगा.

मालवणी_तिखट
बांगडा तळा. धागा संपला.

टेकडीवरचा
ही तीच ना, मस्कट द्राक्षाची? मी विमानतळावरून आणली होती. भलतीच गोड. बायकोने शेवटी फ्रूट सॅलडमध्ये ओतली.

प्राजक्ता_पॅरिस
@टेकडीवरचा, नाही, मस्कटचा हिच्याशी काही संबंध नाही. म्युस्कादेच्या द्राक्षाचं नाव मेलों द बुर्गोन्य. मूळचं बरगंडीचं वाण, जनुकीय तपासणीत शार्दोनेचं सख्खं भावंड निघालं. शार्दोनेने जगभर नाव काढलं आणि हे नांतच्या पाऊसपाण्यात येऊन पडलं. आज बरगंडीत ते जवळपास दिसतही नाही.

नांतला ते का रुजलं, ती गोष्ट मजेची आहे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना गाळून ब्रँडी करायला स्वस्त पांढरी वाइन लागायची आणि लुआरच्या तोंडाशी जहाजं सोयीने लागत. त्यात १७०९ च्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की तिथले बहुतेक वेल मेले. पुन्हा लागवड करताना थंडी सोसणारं म्हणून या मेलोंला पसंती मिळाली. म्हणजे जी वाइन मुळात पिण्यासाठी नव्हतीच, ती आज आपण चाखून वाखाणतोय.

आणि कवठीचाफाताई, पॅरिसच्या लोकांवर राग नको. आमच्याकडे कालवांच्या प्रत्येक दुकानात तीच असते हो! नाक मुरडायचं कारण जुनं आहे. एके काळी भरमसाट उत्पादन झालं, पाणचट माल बाजारात आला आणि नाव खराब झालं ते झालं.

शुद्धतूप
माझा नेहमीचा प्रश्न: ही शाकाहारी असते का? हसू नका. वाइन नितळ करायला माशाच्या फुग्याचा सरस वापरतात असं ऐकलंय.

प्राजक्ता_पॅरिस
हसण्यासारखं काही नाही, बरोबर ऐकलंय. वाइन गढूळ राहू नये म्हणून त्यात काहीतरी घालून कण खाली बसवतात. त्यासाठी माशाच्या वाताशयाचा सरस, अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन हे सगळं चालतं. बेंटोनाइट नावाची माती किंवा वाटाण्याचं प्रथिनही चालतं. अंडं-दूध वापरून त्याचा अंश राहिला असेल तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं. माशाच्या सरसाला मात्र ती सक्ती नाही. तेव्हा लेबलवर 'व्हेगन' लिहिलेली बाटली शोधायची, किंवा थेट मळेवाल्याला विचारायचं. छोटे मळेवाले बिनदिक्कत सांगतात.

शुद्धतूप
म्हणजे इतकी वर्षं... असो. ज्या मित्राच्या घरी प्यायलो त्याच्या माथी मारतो.

खवट_काका
आता थोडी काडी टाकतो. 'हिरवं सफरचंद, लिंबाची साल, मागून पाव' हे सगळं तुम्हाला खरंच येतं, की आधी कुणी सांगितलं म्हणून येतं? २००१ साली बोर्दोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, तीच परत चव-वास नसलेला लाल रंग घालून दिली. पठ्ठ्यांनी तिच्या वर्णनाला लाल वाइनचेच शब्द वापरले. शिकणाऱ्यांची ही गत, मग आपण कोण? हलके घ्या.

प्राजक्ता_पॅरिस
काका, प्रयोग खरा आहे. त्यातून कळतं ते एवढंच की डोळे नाकाला फसवतात. मग डोळे मिटून प्या! सफरचंद की पेर यावर मीही भांडणार नाही. पण आंबट आहे की नाही, गोड आहे की नाही, तोंडाला पाणी सुटलं की घसा कोरडा पडला, हे जिभेला कुणी शिकवावं लागत नाही. जेवणाशी जोडी जमवायला तेवढंच लागतं.

चाखायचं कसं म्हणाल तर: पेला तिसरा हिस्साच भरायचा. न हलवता एकदा वास घ्यायचा, मग गोल फिरवून परत. दोन्हींत फरक असतो. घोट घेऊन लगेच गिळायचा नाही, जरा तोंडभर फिरू द्यायचा. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघायचं. बास. आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखू नका. आठ-दहा अंशांवर ती बोलते, चारवर नुसती गार लागते. एक सोपी गोष्ट करून बघा. पहिला पेला गारेगार ओता आणि निम्मा तसाच टेबलावर राहू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी परत वास घ्या, मघाशी नसलेलं बरंच काही सापडतं.

गोंयकान्न
बांगडा तळायला कुणाची ना नाही, पण @मालवणी_तिखट, कुठल्या मसाल्यात ते सांगा. आमचा रेशाद बांगडा असेल तर बिचारी म्युस्कादे गेलीच. त्यात व्हिनेगर, वर सुक्या मिरच्या. व्हिनेगरच्या आंबटपणापुढे कुठलीही नाजूक पांढरी वाइन फिक्या पाण्यासारखी लागते. रेशादला बियर. नाहीतर मार्च-एप्रिलात आलात तर काजूची उर्राक दारू, लिमका आणि एक चिरलेली मिरची. पण मग फ्रेंच पाहुण्यांना घरी पोचवायची जबाबदारी तुमची.

मालवणी_तिखट
आता नीट लिहितो, घाईत दोन शब्दांत सुटलो होतो. दर्यावर वाढलोय आणि जहाजावर नोकरी करताना सें-नाझेरच्या बंदरात उतरायचो, ते नांतपासून जवळच. तिथल्या टपऱ्यांत जे शिकलो ते सांगतो.

तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो. का? तेलकटपणा कापतो, मिठाला उठाव येतो, माशाचा वास जातो. म्युस्कादे तेच काम करते. ज्या पदार्थावर तुम्ही डोळे मिटून लिंबू पिळाल, त्याच्याबरोबर ती जाणार. आणि एकदा ती पेल्यात आली की ताटात लिंबू कमी करा.

उलट ज्या पदार्थात आंबट आधीच जोरात आहे, म्हणजे आगळ, चिंच, त्रिफळं घातलेली आमटी, तिथे वाइनचा आंबटपणा दिसेनासा होतो. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पडते, हा नियम फ्रेंच माणूसही सांगेल. गोंयकान्न म्हणते ते शंभर टक्के.

तिखटाचं वेगळं. दारूचं प्रमाण जितकं जास्त तितकी मिरची जास्त झोंबते. म्युस्कादे बारा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून चौदा टक्केवाल्या जड वाइनपेक्षा बरी. पण ती कोरडी आणि आंबट, त्यामुळे झोंबलेल्या जिभेला दिलासा देत नाही. तिखटाला जराशी गोडी लागते. तुमच्याच लुआरवर वरच्या अंगाला व्हुव्रे आहे, शेनँ द्राक्षाची. त्यातली अर्धगोड, 'दमी-सेक' लिहिलेली एक बाटली जवळ ठेवा. मटण-कोंबडी असेल तर तीच काढा.

माझा मेनू: बोंबील. ताजे बोंबील तिथे मिळायचे नाहीत, म्हणून कुठलाही पांढरा, मऊ मासा घ्या. मीठ, हळद, नावाला तिखट, आलं-लसूण अगदी कमी, तांदळाचं पीठ आणि रवा, आणि चरचरीत तेल. कुरकुरीत कड आणि गार म्युस्कादे. दुसरं, तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं सढळ, कोकम एखादंच आमसूल. समुद्राचं खारं पाणी शिंपल्यात असतंच, ते या वाइनला फार मानवतं.

बिनसाखरेचा_चहा
धागा संपला म्हणणाऱ्या माणसाने एवढा मोठा प्रतिसाद दिला याची इतिहासात नोंद व्हावी.

द्राक्षबाग_निफाड
धागा वाचून राहवलं नाही. आमची बाग आहे, वाइनच्या द्राक्षाचीही थोडी. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि काढणी जानेवारी ते मार्च. तिकडे काढणी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. म्हणजे एकाच वेलाला आम्ही हिवाळ्यात पिकवतो आणि ते उन्हाळ्यात.

आंबटपणाचं गणित इथेच आहे. द्राक्ष पिकत जातं तसं आम्ल उतरतं, आणि रात्र जितकी उबदार तितकं लवकर उतरतं. नांतला समुद्राचा गारवा, त्यामुळे साखर बेताची आणि आम्ल टिकून. आम्हाला ताजेपणा हवा असेल तर लवकर तोडावं लागतं. दोन दिवस इकडेतिकडे झाले की वाइनरीवाला नाक मुरडणार. तरी नाशिकची शेनिन आणि सॉव्हिन्यों ब्लाँ गार करून प्या, म्युस्कादेची बहीण नसली तरी चुलत बहीण शोभेल.

आमची धास्ती पावसाची, त्यांची हिमाची. हा मेलों लवकर फुटतो आणि एप्रिलातल्या गोठलेल्या दवाने कोवळे फुटवे जळतात. २०२१ च्या एप्रिलात फ्रान्सभर फार नुकसान झालं होतं. रात्रभर बागेत मोठाल्या मेणबत्त्या पेटवून बसतात बिचारे. आपल्याकडे गारपिटीला तोही उपाय नाही.

अवांतर: आम्ही मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण फवारतो ते तिकडचंच. केवडा हा वेलींचा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला आणि मळे बसले, तेव्हा बोर्दोच्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८५ साली ते मिश्रण जगापुढे आणलं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं लोकांनी चोरू नयेत म्हणून मळेवाले निळं औषध मारायचे. त्यांनी पाहिलं की तेवढ्याच वेली रोगातून वाचल्यात.

खवट_काका
द्राक्षबाग, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. चोरांना दंडवत.

आता पुढची काडी. या म्युस्कादेच्या बाटल्यांवर 'ग्रॅनाइट', 'गाब्रो', 'नाइस' असे दगड लिहिलेले असतात. विकणारा म्हणतो, बघा, दगडाची चव येते. ॲलेक्स माल्टमन नावाचे वेल्सचे भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगताहेत की दगडातली खनिजं मुळातून द्राक्षात आणि तिथून तुमच्या जिभेवर असा काही रस्ता नाही. दगडाला चवच नसते!

कवठीचाफा
काका, दगड चाटून बघितलाय वाटतं.

थेट चव येत नाही हे मान्य. पण पाणी किती धरून ठेवतो, ऊन किती लवकर शोषतो, मुळं किती खोल जातात, यातून दगड आपलं काम करतोच. इथल्या क्लिसों गावची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गाब्रोची. दोन्हींची म्युस्कादे शेजारी शेजारी ठेवली तर फरक जाणवतो. क्लिसों भरदार, गोर्ज जास्त ताठ, जरा कडसर. कारण दगड की मळेवाला, यावर वाद घाला.

ही दोन गावं आणि ल पाले, यांना २०११ पासून आपापलं नाव लेबलवर मानाने लावायची मुभा मिळाली. त्यांची वाइन यीस्टच्या गाळावर दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवतात. आता गाळाचं सांगते, कारण मघाशी मी जो 'पावाचा वास' म्हटला तो तिथून येतो. साखरेची दारू झाली की यीस्ट मरून टाकीच्या तळाशी बसतं. एरवी वाइन त्यावरून काढून घेतात. इथे साधी म्युस्कादेही हिवाळाभर तशीच ठेवतात आणि त्याच टाकीतून थेट बाटलीत भरतात. बाटलीवर 'स्युर ली', म्हणजे गाळावरची, असं लिहिलेलं असतं. गाळ वाइनला अंग देतो, हवेपासून वाचवतो, आणि मधे हलवाहलव नसल्याने विरघळलेला वायूही थोडा राहून जातो. पेल्यातले ते बुडबुडे त्याचेच. एका मळ्यात गेले होते तेव्हा तळघरात पिंपं शोधत होते, तर मळेवाल्या बाईंनी पायाखालच्या फरशीतलं लोखंडी झाकण उचललं. टाकी जमिनीखाली! काँक्रीटची, आतून काचेच्या फरशा लावलेली. बाईंनी दोरीला बांधलेला डबा खाली सोडून वाइन वर काढली. गढूळ, फसफसती, आणि खमिराचा वास असा की बेकरीत उभं असल्यागत.

पूर्णगडची_पोर
मला कालवांबद्दल बोलायचंय. आम्ही ओहोटीला कातळावरची कालवं फोडून आणायचो, बोटं कापून घेत. घरी त्याचं कालवण, नाहीतर कांद्यावर परतून सुकं. कच्ची खायची कुणाची छाती नव्हती. फ्रेंच लोक जिवंत खातात म्हणे?

कवठीचाफा
जिवंतच! लिंबाचा थेंब टाकला की कड आक्रसते, तेव्हा ताजी म्हणायची. इथल्या तालेन्साक बाजारात शनिवारी सकाळी लोक डझनावर घेतात. शून्यापासून पाचपर्यंत नंबर असतात आणि नंबर जितका लहान तितकं कालव मोठं. नवख्याने चार नंबर घ्यावा. सोबत राईचा पाव, खारं लोणी आणि व्हिनेगरमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा. हा व्हिनेगरवाला प्रकार मी टाळते, कारण वरच गोंयकान्नने सांगितलंय.

पण ताई, कच्चं खायचं ते इथलंच. शेतीची कालवं असतात, ज्या पाण्यात वाढली त्याची सरकारी प्रतवारी होते, दूषित सापडलं तर विक्री बंद. आपल्या खाडीतली कातळावरची कालवं शिजवूनच खा, वाइन कितीही चांगली असली तरी. कांद्यावरचं सुकं मात्र म्युस्कादेबरोबर नक्की करून बघा.

पूर्णगडची_पोर
इथे म्युस्कादे आणू कुठून? रत्नागिरीत सोलकढी मिळते तेवढं पुरे.

वाशीकर
मुंबईतही सहज नाही. भारतात आयात वाइनवर अनेक वर्षं दीडशे टक्के शुल्क राहिलं, वर राज्याचे कर. सहा युरोची वस्तू इथे मेजवानीच्या भावात. त्यात एका दुकानात फ्रेंच पांढरी घेतली तर ती काचेच्या खिडकीत उभी होती, दुपारचं ऊन खात. घरी उघडली तर रंग पिवळाजर्द, वास शिळ्या सफरचंदाचा. असल्या नाजूक वाइनला प्रवास आणि ऊन दोन्ही सोसत नाही. त्यापेक्षा द्राक्षबागभाऊंची शेनिन, आणि बाटलीमागे छापलेलं वर्ष बघून. जितकं नवं तितकं बरं.

टेकडीवरचा
फ्रान्सहून येणाऱ्यांना यादीत चीजऐवजी हीच सांगतो. काय लिहू? 'म्युस्कादे सेव्र ए मेन स्युर ली', बरोबर?

प्राजक्ता_पॅरिस
अगदी. मिळाली नाही तर पिकपूल द पिने आणायला सांगा. दक्षिणेची, भूमध्य समुद्राकाठच्या तोच्या खाजणाजवळची. तिथेही कालवांची शेती आणि शेजारी मळे. लिंबाचा तोच कडकपणा, थोडं जास्त ऊन खाल्लेली. हिरव्या उंच बाटलीत येते. पैसे जास्त असतील तर बरगंडीची शाब्ली. मालवणी_तिखटांचं लिंबू तिन्हींना लागू.

शुद्धतूप
माशांच्या बाजारात शनिवारची ती शाकाहारी मैत्रीण विसरलात का सगळे?

कवठीचाफा
नाही हो, तिचीच जास्त काळजी आहे. बकरीच्या दुधाचं चीज आणि लुआरची पांढरी वाइन ही इथली जुनी जोडी, ते आणणारच. आपल्यापैकी काय?

शुद्धतूप
कोथिंबीर वडी! वाफवून तळलेली, वर नावाला तीळ. हिरवा वास आणि आंबट वाइन जमेल. अळूवडी नको, चिंच-गूळ आहे. बटाटेवडा चालेल, सोबतची लसणाची चटणी लांब ठेवा. तांदळाचे पापड, साधे भाजलेले शेंगदाणे, मऊ भात-तूप-मेतकूट. मेतकुटाबद्दल मी ठाम आहे.

गोंयकान्न
मेतकूट!! हा माणूस वाइन पीत नाही आणि जोड्या लावतो.

शुद्धतूप
पितो. माशाचा सरस नसलेली.

रेडवाला
एवढं सगळं वाचलं. मी मासे लाल वाइनबरोबरच खातो. नियम कोणी केलेत?

मालवणी_तिखट
खा की. पण बांगड्याबरोबर लाल घेतल्यावर तोंडात लोखंड चाटल्यासारखी उग्र चव येते ना, ती कशाने ते २००९ साली जपानी संशोधकांनी शोधलं. वाइनमधलं लोह. ते जितकं जास्त तितका माशाचा हिवसपणा वाढतो. लाल वाइनमध्ये ते बऱ्याचदा जास्त असतं. एखाद्या लालमध्ये कमी असलं तर मजेत खाल. तुमचं नशीब.

डॉ_गुळवेल
मला एक विचारायचंय. नांतचा तो लोण्याचा सॉस प्रसिद्ध आहे ना? पाककृती टाका. खाण्यासाठी नाही, पेशंटना घाबरवायला.

कवठीचाफा
बर ब्लाँ. नांतजवळ ला शबुएत नावाच्या वस्तीत क्लेमाँस लफव्र नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी तो केला म्हणतात, आणि दुसऱ्याच एका सॉसमध्ये अंडं घालायचं राहिलं त्यातून झाला, अशी दंतकथा आहे.

दोन-तीन बारीक छोटे कांदे, अर्धा पेला म्युस्कादे, त्याच्या निम्मं व्हिनेगर. मंद आचेवर आटवत न्यायचं, चमचा-दोन चमचे ओल उरेपर्यंत. मग फ्रीजमधलं गार लोणी, पाव किलोच्या जरा आत, एकेक तुकडा घालत हलवत राहायचं. उकळी आली की लोणी फुटतं आणि सगळा तूप-पाणी कारभार. जमला तर दाट, मलईदार होतो. वाफवलेल्या नदीच्या माशावर घालतात. व्हिनेगर आहे खरं, पण एवढ्या लोण्यात त्याची धार जाते, म्हणून म्युस्कादे टिकते. डॉक्टर, पेशंटना माझा नंबर देऊ नका.

डॉ_गुळवेल
पाव किलो लोणी. वाचनखूण साठवली. क्लिनिकच्या भिंतीवर लावतो.

बिनसाखरेचा_चहा
शनिवार होऊन गेला. कवठीचाफा गायब. जेवण पचलं नाही का?

कवठीचाफा
आले, आले. भांडी आवरत होते.

बोंबलाऐवजी इथला मर्लां मासा घेतला, मालवणी_तिखटांच्या पद्धतीने रव्यात तळला. टेबलावर पहिला तो संपला. एका फ्रेंच बाईंनी सवयीने लिंबू मागितलं, मी म्हटलं आधी एक घोट घेऊन बघा. नंतर लिंबू तसंच राहिलं. खोबऱ्यातल्या शिंपल्यांवर मात्र दोन तट पडले. नवऱ्याच्या मते ओल्या खोबऱ्याची गोडी वाइनला आंबट करते, माझ्या मते छान जमलं. खरं तर क्लिसोंच्या जुन्या बाटलीबरोबर जमलं, साध्या स्युर लीबरोबर तितकंसं नाही. खोबऱ्याला अंग असलेली वाइन लागते असं दिसतंय. व्हुव्रे दमी-सेक कोंबडीच्या रश्शाबरोबर काढली आणि पाहुण्यांनी तिचीच जास्त तारीफ केली. म्हणजे मसाल्याची धास्ती बरोबर होती. रस्सा असेल तर म्युस्कादेला सुट्टी.

शुद्धतूप, कोथिंबीर वडी पैकीच्या पैकी. मेतकूट-भात शेवटी आणला तेव्हा सगळे गप्प झाले, पण ते हिंगामुळे.

शुद्धतूप
गप्प होऊन परत घेतला का, ते लिहा.

कवठीचाफा
एकाने घेतला. दोनदा.

वाशीकर
उरलेल्या बाटल्यांचं काय केलंत? उघडलेली किती टिकते?

कवठीचाफा
बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठीक. चुणचुण पहिल्याच रात्री जाते. निम्मी बाटली होती, रविवारी सकाळी कांदेपोह्यांबरोबर संपवली.

गोंयकान्न
सकाळी?!

खवट_काका
सकाळचं सोडा. पोह्यांवर लिंबू पिळलं होतं का?

मालवणी_तिखट
आणि दाणे घातले होते का? लिंबू पिळलं असेल तर प्रयोग बाद.

कवठीचाफा
दाणे होते. लिंबाबद्दल वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होऊ देणार नाही मी.